‘मग’ आणि ‘म्हणून’ : आठवीच्या वर्गातलं एक प्रकरण

मुंबईच्या गिरणगावातल्या एका मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत मी मराठी शिकवते आणि आठवीला इतिहास-नागरिकशास्त्रही. बी.एड.ला माझ्या दोन अध्यापन पद्धती याच होत्या. तरी बरीच वर्षं मी हे विषय एकमेकांपासून लांबच ठेवले. मराठीच्या तासाला व्याकरण, इतिहासाच्या तासाला मुद्दे. एका मुलीच्या पेपरामुळे मला दोन्हीकडे पुन्हा बघावं लागलं. तिचं आणि शाळेचं नाव देत नाही, बाकी जसं घडलं तसं लिहिते.

पेपर

पहिल्या सत्राच्या परीक्षेत ‘समतेचा लढा’ या पाठावर मी प्रश्न घातला होता : मुंबईतील गिरणी कामगारांना साप्ताहिक सुट्टी मिळाली, कारणे लिहा. तीन गुण. तिचं उत्तर असं होतं :

“कामगार खूप काम करायचे. मग लोखंडे आले. मग सभा झाली. मग मालकांनी सुट्टी दिली.”

लोखंडे म्हणजे गिरणी कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे. मी एक गुण दिला आणि लाल पेनाने लिहिलं, ‘मुद्दे लिही.’ पूर्ण पेपरभर हेच होतं. जिथे कारण विचारलं तिथे घटना, जिथे परिणाम विचारला तिथेही घटना. बाकी प्रश्न तिने सोडून दिले होते.

मी जे सगळेच करतो तेच केलं. पालकांना बोलावलं. आई परळच्या एका हॉस्पिटलात आयाबाईचं काम करते, वडील कुरिअरवर. आई पाळी बदलून आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, “बाई, ती रात्री पुस्तक घेऊन बसते हो. वाचते पण.” मी ऐकून घेतलं, पण विश्वास ठेवला नाही. गाइडमधली दहा उत्तरं पाठ करून आण, असं मुलीला सांगितलं. तिने प्रामाणिकपणे पाठ केली. पुढच्या घटक चाचणीत कामगारांच्या प्रश्नाखाली शेतकऱ्यांचं उत्तर लिहून आली, शब्द न् शब्द बरोबर.

हे उत्तर बघून मला पहिल्यांदा शंका आली. पाठांतर चांगलं आहे, म्हणजे बुद्धीचा प्रश्न नाही. आई म्हणते त्याप्रमाणे वाचतेही. तरी कुठलं उत्तर कुठल्या प्रश्नाचं, हे तिला कळत नाही, याचा अर्थ त्या उत्तरातलं एक वाक्य दुसऱ्याला कशाने जोडलेलं आहे हेच तिला दिसत नसणार. पण हे आज लिहिताना इतकं सरळ वाटतं. तेव्हा मी फक्त ती वही बाजूला ठेवली.

तोंडी

त्यानंतर पंधरा दिवसांनी मराठीच्या तोंडी कामासाठी विषय दिला : घरातल्या मोठ्या माणसाने सांगितलेली आठवण. ही मुलगी आजीबद्दल बोलायला उभी राहिली आणि वर्ग गप्प झाला. मी टाचणवहीच्या मागच्या पानावर जमेल तसं उतरवून घेतलं :

“माझी आजी खानावळ चालवायची. अकरा जण जेवायला होते. सगळे आमच्या गावाकडचे, साताऱ्याचे, मिलमध्ये कामाला. आजी पहाटे चारला उठायची. मग संप झाला. मग पगार बंद झाला. मग ते उधारीवर जेवायचे. मग ते गावी गेले. मग आजीने भांडी विकली. मग आजी लोकांची धुणीभांडी करायला लागली.”

गिरण्यांचा १९८२ चा संप. १८ जानेवारीला सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, नेतृत्व डॉ. दत्ता सामंतांचं, आणि तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आमच्या शाळेच्या खिडकीतून ज्या काचेच्या इमारती दिसतात त्यांच्या जागी पूर्वी गिरण्यांची धुराडी होती. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी ही गोष्ट आहे, पण त्या दिवशी ती कोणीतरी वर्गात बोललं.

आणि त्या बोलण्यातही तोच ‘मग’ होता.

‘मग’ वाईट शब्द नाही, हे मला आधी सांगायचं आहे. गोष्ट सांगणाऱ्या माणसाचा तो शब्द आहे. आपल्या आज्या ‘मग काय झालं’ म्हणतच आपल्याला झोपवत आल्या. पण ‘मग’ फक्त क्रम सांगतो. आधी काय, नंतर काय. एकामुळे दुसरं झालं की नुसतं एकानंतर दुसरं झालं, हे तो सांगत नाही. इतिहासाचा पेपर नेमकं तेच विचारतो.

मधल्या सुट्टीत मी तिला शिक्षककक्षात बोलावलं. तिचंच बोलणं तिला वाचून दाखवलं आणि म्हटलं, “एक ‘मग’ काढ आणि त्याजागी दुसरा शब्द घाल. हे वाक्य घे : संप झाला, मग ते गावी गेले.”

ती म्हणाली, “संप झाला म्हणून ते गावी गेले.”

मी ‘छान’ म्हणणार इतक्यात तीच थांबली. “नाही बाई. संप झाला म्हणून नाही गेले. संप झाल्यावर पण खूप दिवस ते इथेच होते. आजी सांगते ना, पाऊस सुरू झाला तरी होते. पगार नव्हता म्हणून गेले. नाही, पगार तर आधीच बंद झालेला. वाण्याने आजीला उधार द्यायचं बंद केलं, म्हणून गेले.”

एका ‘म्हणून’साठी तिने दोन कारणं तपासून टाकून दिली आणि तिसऱ्याशी थांबली. गेल्या सबंध सत्रात इतिहासाच्या तासाला माझ्या वर्गात एकाही मुलाने हे केलं नव्हतं.

मी विचारलं, “पगार नव्हता, तरी आजी जेवायला का वाढत होती?”

“गाववाले होते ना बाई.”

“मग हे वाक्य कसं करशील?”

इथे ती अडली. ‘तरी’ तिला बोलताना येत होता, लिहायला सांगितल्यावर हातातून सुटत होता. शेवटी तिने लिहिलं, ‘पगार नव्हता आणि आजी वाढायची.’ ‘आणि’ तसाच राहू दिला मी.

माझे तपासलेले पेपर

यानंतर मी एक काम केलं, जे खरं तर आधीच करायला हवं होतं. वर्गाचे पहिल्या सत्राचे पेपर कपाटातून काढले आणि त्या एकाच प्रश्नाखाली ‘कारण’, ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘तरी’ हे शब्द शोधत बसले. त्या मुलीच्या उत्तरात एकही नव्हता, हे ठाऊकच होतं. पण पूर्ण तीन गुण मिळालेल्या मुलीच्या उत्तरातही एकही नव्हता.

तिने लिहिलं होतं : १. कामाचे तास जास्त होते. २. लोखंडे यांनी संघटना स्थापन केली. ३. सभा झाल्या. तीन मुद्दे, तीन गुण. मी मुद्दे मोजले आणि बरोबरच्या खुणा केल्या. दुसऱ्या दिवशी या हुशार मुलीला सहज विचारलं, “सभा झाल्या म्हणून मालक का ऐकतील? त्यांना काय पडलं होतं?” ती पुस्तक उघडायला लागली. पुस्तकात जे मिळालं तेही एक मुद्दाच होता.

म्हणजे एकीने क्रम लिहिला, दुसरीने यादी. कारण दोघींपैकी कोणीच लिहिलं नाही, आणि यादीला मी पैकीच्या पैकी गुण दिले. ज्या मुलीला मी ‘मागे पडलेली’ म्हणत होते ती निदान एका गोष्टीनंतर दुसरी ठेवत होती. यादीत तर क्रमही लागत नाही. मुद्द्याला एक गुण ही आमची तपासायची पद्धतच मुलांना शिकवते की वाक्यं जोडायची गरज नाही. मला हे मनापासून लागलं, कारण ती पद्धत मी वर्षानुवर्षं वापरत होते.

आणखी एक गोष्ट टोचली. त्याच सुमारास मराठीच्या तासाला मी अव्ययांची उजळणी घेतली होती. छोट्या चाचणीत ‘म्हणून’ हे परिणामबोधक उभयान्वयी अव्यय, असं त्या मुलीने बरोबर ओळखलं होतं. ‘कारण’ कारणबोधक, ‘जरी-तरी’ संकेतबोधक. सगळे प्रकार पाठ, पण वापर शून्य. व्याकरणाची वही आणि इतिहासाची वही तिच्या एकाच दप्तरात होती, आणि दोन्ही मीच तपासत होते.

सहा आठवडे

मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मी आठवड्यातला मराठीचा एक तास इतिहासाला जोडून घेतला. जादा तास नाही, जादा पुस्तक नाही.

पहिल्यांदा पाठ्यपुस्तकी वाक्यं उलगडायला घेतली. ‘शोषणामुळे असंतोष निर्माण झाला’ अशा बांधणीची वाक्यं इतिहासाच्या पुस्तकांत पानोपानी असतात. त्यात माणूसच दिसत नाही. शोषण कोणी केलं, कोणाचं, कसं? असंतोष कोणाच्या पोटात? मुलांनी एकेका नामाचं क्रियापद करायचं : मालक राबवून घेत होते, कामगार चिडले. ‘निर्माण झाला’ या दोन शब्दांना आम्ही सहा आठवडे वर्गाबाहेर ठेवलं.

मग चिठ्ठ्या केल्या. एकेका चिठ्ठीवर एकच घटना, आणि वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्यांवर जोडणारे शब्द. घटना अशा होत्या : १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन केलं. मागण्या होत्या दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, कामावर इजा झाली तर भरपाई. १८९० मध्ये ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ ही गिरणी कामगारांची संघटना. २४ एप्रिल १८९० ला सुमारे दहा हजार कामगारांची सभा, तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

मुलं पहिल्याच दिवशी भांडली. एका गटाने ‘१८८४ चं निवेदन’ आणि ‘१८९० ची सुट्टी’ यांच्यामध्ये ‘म्हणून’ ठेवलं. दुसऱ्या गटाचा मुलगा उठला, “निवेदन दिलं म्हणून सुट्टी मिळाली तर सहा वर्षं का लागली?” त्याने ‘म्हणून’ उचलून ‘तरी’ ठेवला : निवेदन दिलं तरी सुट्टी मिळाली नाही. नंतर पुढे : तरी सुट्टी मिळाली नाही, म्हणून संघटना काढली. सगळी साखळी बदलली. त्या तासाला घंटा झाल्यावरही मुलं चिठ्ठ्या सोडायला तयार नव्हती.

१५ तारखेच्या मागणीजवळ आमची मुलगी पहिल्यांदा स्वतःहून बोलली. तोवर मी ती मागणी दरवर्षी पटकन वाचून पुढे जायचे. ती म्हणाली, “बाई, पगार उशिरा म्हणजे खानावळीचे पैसे उशिरा. मग वाण्याचे उशिरा. वाणी व्याज लावतो.” मी विचारलं, “म्हणून?” ती म्हणाली, “म्हणून पगार आला तरी पुरत नाही.” मला हे आजवर कुठल्या उत्तरपत्रिकेत वाचायला मिळालं नव्हतं, आणि मुलीने ते पुस्तकातून आणलेलं नव्हतं.

‘सूर्यास्तापर्यंत काम’ या मागणीवर भूगोल आपणहून आत आला. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर. जूनमध्ये दिवस सुमारे तेरा तासांचा, डिसेंबरात सुमारे अकरा. गिरणीत विजेचे दिवे नव्हते तेव्हा कामाचे तास सूर्यावर ठरत. पुढे दिवे आले आणि तास वाढले. “म्हणजे दिवे आले ते कामगारांसाठी वाईट झालं?” हा प्रश्न एका मुलाने विचारला आणि मी त्याचं उत्तर दिलं नाही. त्याला म्हटलं, ‘तरी’ वापरून दोन वाक्यं लिही.

१८८१ चा कारखाना कायदा मुलांना सगळ्यात जवळचा वाटला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी, सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तास. “बाई, आम्ही तेरा वर्षांचे. मग आम्ही?” तुम्ही कायद्याने मोठी माणसं, मी सांगितलं. वर्गात कुजबुज झाली. १८९१ च्या कायद्याने ती मर्यादा नऊ ते चौदा वर्षं आणि सात तास अशी केली. हा पहिला कायदा का झाला, यावर बहुतेकांनी लिहिलं, ‘कारण सरकारला मुलांची दया आली.’ मी आणखी एक चिठ्ठी दिली : मुंबईच्या गिरण्यांचा स्वस्त माल इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणी मालकांना नको होता, त्यांनी कायद्यासाठी दबाव आणला. आता दोन कारणं झाली, एक दिसायला चांगलं, एक स्वार्थाचं. दोन्ही एका वाक्यात कशी बसवायची, यासाठी मुलांना ‘केवळ... म्हणून नव्हे, तर...’ ही रचना लागली. ती मी त्या दिवशी शिकवली, आणि ती त्या दिवशीच हवी होती.

जिथे हे चाललं नाही

वर्गात घरी भोजपुरी बोलणारा एक मुलगा आहे. त्याचाही पेपर रिकामा असायचा, म्हणून मी त्यालाही याच गटात घातलं. ती माझी चूक होती. त्याला हिंदीत विचारलं तर ‘इसलिए’, ‘क्योंकि’, ‘फिर भी’ सगळं तोंडावर. कारणं त्याला वर्गातल्या कोणाहीपेक्षा आधी सुचायची. ‘कायदा केली’, ‘सभा झाला’ असं लिहिलं की मुलं हसतात, म्हणून तो लिहायचाच नाही. त्याला चिठ्ठ्यांची गरज नव्हती, नामांच्या लिंगाचा सराव आणि न हसणारा शेजारी हवा होता. त्याची जागा बदलली आणि इतिहासाच्या उत्तरात लिंगाच्या चुकीला गुण कापणार नाही, हे वर्गात मोठ्याने सांगितलं. आता तो अर्धं पान लिहितो. पण तीन आठवडे मी त्याचे फुकट घालवले. पेपर दोघांचा कोरा होता आणि अडचण मात्र अगदी वेगळी, हे दोघांना आधी बोलतं केलं असतं तर कळलं असतं.

वेळेचाही प्रश्न आहेच. सहा आठवड्यांत एकच पाठ झाला. बाकीचे पाठ नंतर भराभर उरकावे लागले, त्यात हे काही करता आलं नाही. दोन्ही विषय माझ्याकडे होते म्हणून एवढं तरी जमलं. जिथे मराठीला एक बाई आणि इतिहासाला दुसरे सर असतात तिथे दोघांनी शिक्षककक्षात एकत्र बसून निदान एका पाठासाठी ठरवायला हवं की ‘म्हणून’ दोघंही मागणार. तपासायची पद्धत मात्र कोणालाही आजपासून बदलता येते. मी आता तीनपैकी दोन गुण मुद्द्यांना देते आणि एक गुण ते जोडण्याला. हुशार मुलांचे गुण आधी घसरले, पालकांचे फोन आले. मी उत्तरपत्रिका दाखवून समजावलं. काहींना पटलं.

दुसरा पेपर

दुसऱ्या सत्रात प्रश्न वेगळा होता, पण त्याच पाठावरचा : कामगारांना संघटनेची गरज का वाटली? तिचं उत्तर :

“कामगारांनी १८८४ ला निवेदन दिले तरी मालकांनी सुट्टी दिली नाही. एकटा कामगार बोलला तर त्याला कामावरून काढत होते कारण गेटवर दुसरे बदलीवाले उभे होते. म्हणून सगळ्यांनी एकत्र यायला पाहिजे होते. पगार वेळेवर मिळत नव्हता त्यामुळे उधारी होत होती आणि उधारी असली की माणूस भीतो.”

तीनपैकी तीन. ‘भीतो’चा मी ‘भितो’ केला, बाकी काही लिहिलं नाही. शेवटचं वाक्य कुठल्याही पुस्तकात नाही. एकूण पेपरात ती पास झाली आहे, फार वर गेलेली नाही. ‘जरी-तरी’ असलेल्या वाक्यांत अजून चुकते, आणि नकाशाचं काम तिला आवडत नाही.

पालकसभेला या वेळी आजी आल्या. मी त्यांना नातीच्या वहीतली खानावळीची गोष्ट वाचून दाखवली. सगळे ‘मग’ बदलून तिने ती पुन्हा लिहिली होती. आजी शांतपणे ऐकत होत्या. गोष्ट भांड्यांपर्यंत आली तशा म्हणाल्या, “इकली न्हाईत बाई. गहाण टाकली व्हती.”

नात म्हणाली, “आजी, तू तर विकली म्हणाली होतीस.”

“इकल्यागतच की.”

त्या संध्याकाळी मुलीने वाक्य खोडून नवं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी वही दाखवायला आणली : ‘वाण्याची उधारी फेडायची होती म्हणून आजीने भांडी गहाण ठेवली, पण ती सोडवता आली नाहीत, कारण’. त्यापुढे दोन ओळी कोऱ्या आहेत. आजीने अजून सांगितलेलं नाही, सांगितलं की लिहिते, म्हणाली.